खांडीची परवानगी

आमच्या गावात घरात मयत असलं तरी आधी खांड बुजवायची, असा रिवाज होता. खाडीच्या बांधाला भगदाड पडलं की त्याला आम्ही खांड म्हणतो. माझे आजोबा वारले त्या सकाळी बांधाला खांड पडली होती. मी सात वर्षांचा असेन. आजोबांना पडवीत घोंगडीवर ठेवलं, आजी उशाशी बसली, आणि घरातले सगळे बाप्ये पंचे गुंडाळून खाडीवर निघून गेले. दुपार टळल्यावर चिखलाने माखलेले परत आले, विहिरीवर अंग धुतलं आणि मग खांदा दिला. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आजोबांनीही त्यांच्या बापाला असंच ताटकळत ठेवलं होतं म्हणे.

त्या आजोबांचा मी नातू. मी अख्ख्या गावाला खांडीच्या तोंडाशी आठ दिवस थांबवून ठेवलं. कशासाठी? तर कागदासाठी. हे लिहितानाही माझी मलाच चीड येते. पण आता लिहायचंच आहे, कारण तोंडाने हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आधी जागा सांगतो. देवबागला पर्यटक जातात, तिथे समुद्र एका बाजूला आणि खाडी दुसऱ्या बाजूला. ती खाडी धरून आत आलात की आमचं गाव. खाडीच्या काठाला आमची खाजणं, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या पातळीला असलेली भातजमीन. मधे मातीचा बांध. बांधात एक लाकडी दार, त्याला उघाडी म्हणायचे. भरतीला दार आपोआप मिटायचं, सुकतीला उघडून आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. पावसाने जमिनीतला खार धुऊन निघाला की तिथे लाल, जाड दाण्याचं भात व्हायचं. खत नाही, फवारणी नाही. त्या भाताच्या पेजेची चव ज्याच्या जिभेवर बसली त्याला बाजारचा तांदूळ कागदासारखा लागतो.

हे सगळं त्या बांधाच्या जिवावर. आणि बांध गावाच्या जिवावर. शिमगा झाला की प्रत्येक घरातून एक माणूस बांधाच्या डागडुजीला जायचा. बाप्या मुंबईला असेल तर बायको जायची. ज्याचा हात बांधाला लागला नाही त्याने खाजणात पेरायचं नाही, हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि ते मोडायची कोणाची छाती नव्हती.

मग खारजमिनीचा कायदा आमच्यापर्यंत आला. मी कॉलेजात होतो. बांध योजनेत गेला, म्हणजे सरकारचा झाला. सरकारने दगड लावून तो पक्का केला, लाकडी दार काढून लोखंडी बसवलं. गाव खूश. कोण नाही म्हणेल? शिमग्यानंतर कमरेएवढ्या चिखलात उभं राहायची हौस कोणाला असते! माझ्या वडिलांनी सही केली, सगळ्यांनी केली. काकांनी पण केली, पण सही करून घरी येताना ते वडिलांना म्हणाले होते, "भाऊ, ह्यो बांद आता सरकारचो. मगे उद्या फुटलो तर हाक कोणाक मारूची?" वडील हसले. मीही हसलो. शिकत होतो ना मी!

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांना दुसरं काही येत नव्हतं. मुंबई त्यांनी एकदा पाहिली आणि चौथ्या दिवशी परत आले. बांध सरकारचा झाला तरी रोज सकाळी ते तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचे. खेकड्याने भोक पाडलेलं दिसलं की पायाच्या टाचेने चिखल दाबायचे आणि पुढे जायचे. पगार नाही, मान नाही, कोणी सांगितलेलं नाही. काकी म्हणायची, "त्येंचा लगीन माज्याशी नाय, बांदाशी झाला."

आणि मी? मी सरकारी कारकून झालो. वैभववाडीत होतो, दोडामार्गात होतो, सगळा जन्म फायलींत गेला. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा घरी टेबल आणलं, त्याच्यावर कायद्यांची पुस्तकं रचली. गावात कोणालाही कागद आला की तो माझ्या ओटीवर यायचा. सातबाऱ्यात नाव चुकलंय, वारसांची नोंद लावायची आहे, मोजणीची नोटीस आली आहे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं. चहा पीत पीत मी कलमं सांगायचो आणि लोक माना डोलवायचे. सरकारी कागदाला घाबरणाऱ्या माणसांत एकटा न घाबरणारा मी, असा माझा तोरा. खरं तर सगळ्यात जास्त घाबरणारा मीच होतो. चाळीस वर्षं वरून सही आल्याशिवाय मी पेनाचं टोपण उघडलं नव्हतं.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला अर्धा गाव मालवणच्या बंदरावर नारळ सोडायला गेला होता. उधाण मोठं होतं. दुपारी काका माझ्या ओटीवर आले. पंचा ओला, गुडघ्यापर्यंत चिखल. बसले नाहीत.

"खांड पडली," ते म्हणाले. "उघाडीच्या बाजूक. चार हात आसा. भियाचा कारण नाय. गोकुळाष्टमीक भांग आसा, त्या भांगात बुजवूया. मेढी तोडून ठेवतंय मी, तू घराघरात सांग."

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची मंद भरती. त्या चार-पाच दिवसांत खाडीला जोर नसतो. चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, पेंढा आणि चिखल मेढींच्या, म्हणजे खुंटांच्या आधाराने दाबला की खांड मिटते. भांग सरला की पाणी पुन्हा चढायला लागतं आणि अमावस्येला उधाण येतं. म्हणजे जे करायचं ते भांगात, हे आमच्याकडे बाईमाणसालाही ठाऊक.

मी म्हणालो, "काका, बांद आपलो नाय आता. योजनेतलो आसा. त्येका हात लावलो तर केस जायत."

काका माझ्याकडे बघत राहिले. "बुजवूक गेलो तरी केस?"

"विचारून सांगतंय," मी म्हणालो.

खारजमिनीच्या कार्यालयात फोन केला. पलीकडचे साहेब अगदी सभ्य माणूस. म्हणाले, "तुम्ही लेखी अर्ज द्या. आम्ही पाहणी करतो. तोपर्यंत कोणी हात लावू नका बरं का. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?" जबाबदारी कोणाची! हा प्रश्न मी स्वतः किती लोकांना विचारला असेल. दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि मला तो पटलासुद्धा. मी अर्ज लिहिला. काय सुंदर अर्ज होता तो! विषय, संदर्भ, कलम, सर्व्हे नंबर, सोबत जोडलेले फोटो. तालुक्याला जाऊन आवक क्रमांक घेतला आणि छाती काढून घरी आलो.

पाहणीला कोणी आलं नाही. मधे रविवार आला, साहेब मीटिंगला गेले, मग गोकुळाष्टमीची सुट्टी.

अष्टमीच्या सकाळी देवळासमोर तीस-पस्तीस माणसं जमली. घमेली होती, खोरी होती, बायका पदर खोचून आल्या होत्या. दोन ट्रॅक्टर भरून चुडतं आणली होती. इतकी वर्षं सवय सुटूनही लोक आले, यानेच काका हरखले होते. हातात नारळ घेऊन ते गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. "बा देवा महाराजा," एवढंच म्हणाले, आणि मी पुढे झालो.

मी म्हणालो, थांबा. मी कायद्याचं पुस्तक सोबत नेलं होतं. दंडाचं कलम वाचून दाखवलं. साहेबांनी फोनवर काय सांगितलं ते सांगितलं. उद्या गुन्हा दाखल झाला तर कोणाच्या पोराची नोकरी जाईल, कोणाचा पासपोर्ट अडेल, गोव्याला कामाला जाणाऱ्यांना पोलीस ठाण्याच्या खेपा घालाव्या लागतील, सगळं सांगितलं. मी ओरडलो नाही. मी समजावून सांगितलं, आणि तेच वाईट झालं. ओरडलो असतो तर कोणीतरी उलटून बोललं असतं.

लोकांनी खोरी खाली ठेवली. कोणी तरी म्हणालं, "तो शिकलेलो माणूस सांगता." काका माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "तू सांग. हात लावचो की नाय?"

"चार दिवस थांबा काका. परवानगी येतली."

त्यांनी नारळ पिशवीत घातला. वाद घातला नाही. मला आजही वाटतं, त्यांनी मला एक कानफटात द्यायला हवी होती. सगळ्या गावासमोर द्यायला हवी होती. त्यांनी जन्मभर कोणाच्याही शब्दाला मान दिला आणि त्या दिवशी माझ्या शब्दाला दिला. काकी मात्र रस्त्यातच मला गाठून म्हणाली, "शिरा पडली तुज्या त्या कागदार! भात खातलस की अर्ज खातलस?"

भांग गेला. अमावस्येच्या उधाणात चार हातांची खांड वीस हात झाली. लोखंडी दार उखडून वाहून गेलं. गुडघाभर भात होतं, ते तीन दिवसांत वरून खाली लाल पडलं. मी बघायला गेलो तेव्हा काका बांधाच्या तुटक्या टोकावर उकिडवे बसले होते. पाणी आत चाललं होतं, त्याचा आवाज येत होता. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "पाणी आपल्या घरात इल्यासारख्या भुतूर जाता बग." त्यावर मला रडू फुटलं.

मग साहेब आले. टेप लावून मोजलं, फोटो काढले, चांगलं बोलले. अंदाजपत्रक झालं, प्रस्ताव वर गेला, त्रुटी काढून परत आला, पुन्हा गेला. त्या खेपा मी घातल्या, प्रायश्चित्त म्हणून म्हणा. एका साहेबाची बदली झाली, दुसरे आले, त्यांचीही झाली. मला त्या माणसांचा राग नाही. त्या खुर्चीत मी चाळीस वर्षं बसलो आहे. मला माहीत आहे तिथून खाजण दिसत नाही.

एका पावसाळ्यात मी तो कायदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. अष्टमीला मी फक्त दंडाचं कलम वाचून गेलो होतो. बांधाचं नुकसान करणाऱ्याला शिक्षा आहे. बांध वाचवणाऱ्याला शिक्षा असल्याची एक ओळ मला सापडली नाही. पुन्हा वाचला. नाही सापडली. त्या तीस माणसांना कायद्याने अडवलंच नव्हतं. अडवलं होतं माझ्या भीतीने, कायद्याचं नाव सांगून. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि बायकोला मी पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

तोवर खाजणात तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं यायला लागली होती. खारं पाणी आत आलं की त्याच्याबरोबर तिवरांची फळं वाहत येतात आणि गाळात रुजतात. पहिली दोन वर्षं काका ती रोपं उपटायचे. एकटेच, सुकतीला, एक एक करून. बांध कधीतरी होईल, तेव्हा शेत मोकळं असायला हवं, एवढंच त्यांच्या डोक्यात. मग कोणीतरी तक्रार केली. वनखात्याची माणसं आली, समज देऊन गेली. कांदळवन तोडायला बंदी आहे, जमीन तुमची असली तरी. आणि काकांना ते नीट समजावून कोणी सांगायचं? मीच. दुसऱ्यांदा मीच.

"काका, ती झाडां उपटूची नाय. कायदो आसा."

"शेतातली पण?"

"शेतातली पण."

"बरा," काका म्हणाले आणि हात धुवायला विहिरीवर गेले. त्यांनी पुन्हा एक रोप उपटलं नाही.

हा कायदाही वाईट नाही, हे मला कळतं. तिवरांनी वादळ अडतं, त्यांच्या मुळांत मासळी वाढते. बांधाचा कायदा पण आमच्या भल्याचाच होता. दोन्ही कायदे भले, आणि त्या दोघांच्या मधे काकांचं शेत बुडालं. शिव्या तरी कोणाला घालायच्या? दुष्ट माणूस समोर असता तर जीव हलका झाला असता. इथे आरशात बघण्याखेरीज दुसरी सोय नाही.

दर वर्षी पीकपाहणी मोबाइलवर करावी लागते. शेतात उभं राहून फोटो काढायचा आणि यादीतलं पीक निवडायचं. एका वर्षी काकांनी मला नेलं. बांधाच्या शिल्लक टोकावर उभे राहून आम्ही तिवरांचा फोटो काढला. यादीत तिवर नव्हतं. मी "पड" निवडलं. पड जमीन. काकांनी विचारलं, "काय लिवलंस?" मी म्हणालो, "भात." सातबारा त्यांना वाचता येत नव्हता.

दसऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधायचा आमच्याकडे रिवाज आहे. त्याला नवं म्हणतात. काकांच्या दाराला शेवटच्या पिकाचं नवं तसंच लटकत होतं. काळं पडलं, दाणे उंदरांनी नेले, नुसत्या काड्या राहिल्या. काकी दुसऱ्याच्या शेतातल्या लोंब्या आणायची आणि काका त्या दाराला लावू द्यायचे नाहीत. "आपला येवंदे," म्हणायचे.

गेल्या वर्षी पत्र आलं. सदर ठिकाणी कांदळवन आढळून आल्याने बांध दुरुस्तीचा प्रस्ताव विचारात घेता येत नाही. दोन ओळी. मी ते घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि काकांना सांगितलं नाही. तोवर काकांचं मागचं पुढचं व्हायला लागलं होतं. मधेच माझ्या वडिलांना हाक मारायचे, मधेच शिमगा झाला का विचारायचे. काकी म्हणाली, "एकदा शेत दाखवून आण त्येंका. मगे काय खरा नाय."

बांधावरून जायला आता वाट नाही. झाडी माजली आहे आणि मधे ती खांड. शेतात जायचा एकच मार्ग आहे, पर्यटकांची होडी. हो, आमच्या खाजणात आता कांदळवन बघायला होड्या येतात. खांडीतून आत शिरतात, काकांच्या शेतावरून फिरून बाहेर जातात. मी काकांना घेऊन त्या होडीत बसलो. होडीवाल्याने त्यांना केशरी जाकीट घातलं. सोबत पुण्याचं एक कुटुंब होतं, बिचारी चांगली माणसं, त्यांनी काकांना बसायला मधली जागा दिली. होडीवाला शेजारच्याच वाडीतला, पण बाहेरच्या माणसांसमोर शुद्ध बोलत होता. "हे संपूर्ण नैसर्गिक कांदळवन आहे," तो म्हणाला. "माणसाचा हात न लागलेलं." काका त्याच्याकडे बघून हसले. त्यांना ऐकू गेलं नसावं.

होडी खांडीच्या तोंडाशी आली. काकांनी पाण्यात हात घातला, पाणी कसं ओढतंय ते बोटांनी बघितलं. मग आकाशाकडे पाहिलं. अष्टमीचा अर्धा चंद्र दुपारचाच वर आला होता. त्यांचा चेहरा एकदम उजळला. कित्येक वर्षांत असा पाहिला नव्हता.

"भांग आसा रे आज," ते मला म्हणाले. "आज लागलो तर बुजतली. माणसां इली काय?"

मी खांडीच्या दोन्ही काठांकडे पाहिलं.

"परवानगी इली?" त्यांनी विचारलं.

खिशात ते पत्र होतं. आठ महिने होतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, "इली, काका. हात लावा."

काका उठले. ऐंशी पार केलेला माणूस, पण एका झटक्यात उठले. जाकिटाच्या वरून पंचा खोचायला लागले, खोरं कुठे आहे म्हणून आजूबाजूला बघायला लागले. होडी हलली. पुण्याच्या बाई घाबरून किंचाळल्या.

"आजोबा, खाली बसा," होडीवाला म्हणाला. "होडीत उभं राहायचं नाही. नियम आहे."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याकडे बघितलं.

नियम म्हटल्यावर काका खाली बसले.